देवाचं देवाला, हाताचं हाताला
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दुपारची कामं उरकून कुणी शेळ्यांमागं, कुणी शिलाई मशीनवर, तर कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून हा कार्यक्रम ऐकत असाल. आज मी तुमच्याशी दोनच शब्दांवर बोलणार आहे. हे शब्द आपल्या तोंडी दिवसातून दहादा येतात. ते शब्द म्हणजे "देवाची कृपा".

सून बाळंतपणातून सुखरूप सुटली, देवाची कृपा. मिरची कांडपाच्या मशीनचं कर्ज फिटलं, देवाची कृपा. लेक बारावी पास झाली, देवाची कृपा. आमच्या गटातल्या भाभी "अल्लाचा करम" म्हणतात. वसईकडच्या ख्रिस्ती बाया प्रभूचे आभार मानतात. आमच्याच शेजारच्या बौद्ध वस्तीतली आई देवाचं नाव घेत नाही, पण तीही "ही सगळी बाबासाहेबांची पुण्याई" असंच म्हणते. शब्द वेगळे, पण रीत एकच. चांगलं काही झालं की ते आपण आपल्या नावावर घेत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी चरणी ठेवतो.

मागं एका बैठकीत या रीतीवरून चांगलीच चर्चा झाली. कॉलेजात जाणारी एक पोरगी म्हणाली, "मावशी, माझी आई रात्री एक वाजेपर्यंत पापड लाटते. पहाटे चारला उठून पुन्हा पाट मांडते. आणि कुणी विचारलं, एवढं कसं जमलं, तर म्हणते देवाची कृपा. मग आईनं जे केलं ते कुठं गेलं?" त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक म्हाताऱ्या आक्का म्हणाल्या, "अगं बाई, लाटायला हात कुणी दिले?"

दोघींच्याही बोलण्यात खरेपणा आहे. म्हणून मला वाटलं, हा विषय नीट उलगडून बघावा. देवाचं देवाला द्यावं, पण आपल्या हातांचं आपल्या हातांनाही द्यावं. हे दोन्ही कसं जमवायचं, ते बघू.

आधी आक्कांची बाजू घेते. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणसाच्या हाती सगळं नसतं. दोन जावांनी एकाच दिवशी, एकाच पिशवीतलं बियाणं पेरलं. ओढ्याच्या अलीकडं सर पडली आणि पलीकडं पडली नाही. अलीकडच्या जावेचं सोयाबीन तरारून आलं, पलीकडच्या जावेवर दुबार पेरणीची वेळ आली. आता अलीकडची जाऊ "मी किती हुशार" म्हणायला लागली तर ते शोभेल का? शोभणार नाही, कारण ते खरंच नाही. कष्ट दोघींनी सारखेच केले होते. फरक पावसानं केला.

कांदा काढला त्या आठवड्यात बाजार चढला, हे आपल्या हाती नव्हतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं नाही म्हणून धंदा उभा राहिला, हेही नव्हतं. लहानपणी कुणीतरी शाळेत घातलं म्हणून आज आपण गटाची वही लिहितो, तेही आपलं कर्तृत्व नाही. "देवाची कृपा" म्हणताना बाई हेच सांगत असते, की माझ्या यशात माझ्याशिवाय आणखी पुष्कळ काही आहे. हे म्हणणं खरं आहे आणि म्हणून चांगलंही आहे.

शिवाय त्यानं माणूस जमिनीवर राहतं. तुम्ही गट पाहिले असतील. मीही पाहिले आहेत. एका गटाचं काम इतकं छान चाललं होतं, की दुसऱ्या गावच्या बाया बघायला यायच्या. मग हळूहळू अध्यक्षांच्या तोंडी "मी" येऊ लागला. मी बँकेत गेले, मी साहेबांना भेटले, मी नसते तर काय झालं असतं. बाकीच्या नऊजणी ऐकून घेत होत्या. एके दिवशी त्यांनी बैठकीला येणंच बंद केलं. वर्षभरात गट मोडला. पैशाचा घोटाळा झाला नव्हता, हिशेब चोख होता. गट मोडला तो श्रेयावरून. त्या बाईंच्या मनात "हे मला मिळालंय, मी एकटीनं केलेलं नाही" एवढा विचार असता, तर तो गट आजही चालला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे आधार. ज्या बाईला रात्री झोप लागत नाही, जिचा माणूस गेला आहे, जिच्या डोक्यावर कर्ज आहे, तिला "कुणीतरी आहे" हा आधार मोठा असतो. तो आधार काढून घ्यायचा अधिकार कुणालाही नाही. ही श्रद्धा मोडावी म्हणून मी आज बोलत नाही.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी, की "देवाची कृपा" हे शब्द आपण दरवेळी एकाच अर्थानं वापरत नाही. जरा आठवून बघा.

कधी तो खरा कृतज्ञपणा असतो. त्याबद्दल मी आत्ताच बोलले.

कधी ती भीती असते. कमाई किती झाली ते सांगितलं तर दृष्ट लागेल. सासरी कळलं तर दीर उसने मागेल. शेजारीण नाक मुरडेल. म्हणून विषय बदलायला आपण देवाचं नाव घेतो. हे समजण्यासारखं आहे. पण त्याला भक्ती म्हणता येणार नाही, ती सावधगिरी आहे.

कधी ती सवय असते. बाईनं "मी केलं" म्हणायचंच नाही, असं आपल्याला परकर नेसायच्या वयापासून शिकवलं गेलंय. पोरानं शर्यत जिंकली की तो गावभर सांगतो. पोरीनं जिंकली की ती मान खाली घालते आणि सगळे म्हणतात, किती संस्कारी. खरं तर दोघांवरही देवाची कृपा सारखीच असते. मग एकट्या पोरीनंच का गप्प बसायचं?

आणि कधी तो दुसऱ्यानं लावलेला शिक्का असतो. बाई राबते आणि दुसरेच म्हणतात, "तिचं नशीब चांगलं." "लक्ष्मीच्या पायानं आली." "देवानं दिलं म्हणून झालं, नाहीतर हिला काय येतंय?" इथं देवाच्या नावाखाली बाईचे कष्ट पुसले जातात. देवाला त्यातून काहीच मिळत नाही, पण बाईचं मात्र जातं.

आता मला जनाबाईंबद्दल बोलायचंय. संत जनाबाई तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मूळच्या गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी, सगळं त्यांच्याकडं. आणि आपण कीर्तनात काय ऐकतो? जनीबरोबर विठ्ठल दळू लागला. तिच्याबरोबर शेणी वेचू लागला, पाणी भरू लागला.

या कथेत एक गोष्ट आहे, जी आपण ऐकतो पण ध्यानात घेत नाही. विठ्ठल आला, पण म्हणून जनी जात्यावरून उठून गेली नाही. "आता देव दळतोय, मी झोपते" असं तिनं केलं नाही. देवानं फुंकर मारून पीठ पाडलं, असंही कथा सांगत नाही. एकाच खुंट्यावर दोघांचे हात होते. जनाबाईंना श्रेय देवाचं वाटलं हे खरं. पण त्या कथेतला देव बाईच्या कामाला हात लावतो, तिचं काम नाहीसं करत नाही. उलट, दळणासारखं काम ज्याला घरात कुणी काम म्हणून मोजत नाही, ते इतकं मोलाचं ठरलं की त्यासाठी देव खाली बसला.

दुसरी कथाही कीर्तनकार सांगतात. संत कबीर जनाबाईंना भेटायला आले, तेव्हा त्या दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होत्या. कबीरांना नवल वाटलं, ही कसली संत? जनाबाई म्हणाल्या, माझ्या गोवऱ्या कानाला लावून बघा, ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल त्या माझ्या. कबीरांनी तसं केलं आणि गोवऱ्या वेगळ्या झाल्या. कथेचा चमत्कार बाजूला ठेवा. मला आवडतं ते एवढंच, की जिनं सगळं देवाला वाहिलं होतं, तिनं आपल्या गोवऱ्या मात्र सोडल्या नाहीत. "जाऊ दे, देव देईल दुसऱ्या" असं म्हणाली नाही. श्रेय देवाचं आणि गोवऱ्या माझ्या, हे दोन्ही तिच्या मनात एकत्र नांदत होतं.

आता या गोवऱ्यांवरून आजच्या गोष्टीवर येते. वडील वारले की भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतो. बहीण सही करते. विचारलं तर म्हणते, "मला देवानं भरपूर दिलंय." हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्रात तर त्याआधीच, १९९४ साली तसा बदल झाला होता. कुणी राजीखुशीनं, सगळं समजून भावाला हिस्सा सोडत असेल तर तो तिचा प्रश्न. भावाबहिणीची माया मीही जाणते. पण आपला हिस्सा किती, कागदात काय लिहिलंय, हे विचारायची भीती वाटते म्हणून देवाचं नाव पुढं करून सही करू नका. सही करण्याआधी कागद घरी आणा, गटातल्या लिहित्या-वाचत्या बाईकडून मोठ्यानं वाचून घ्या. एवढं केल्यानं देव रागावणार नाही.

दुसरी बाई बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या. १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या. लिहायला वाचायला येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर, चुलीपाशी त्यांना गाणी सुचत. आणि त्या म्हणायच्या की हे मला सरस्वतीमातेनं शिकवलं. म्हणजे त्यांनीही श्रेय देवीलाच दिलं. पण त्यांच्या घरात, मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक तरुण यांनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाई गेल्यावर ती आचार्य अत्र्यांना दाखवली गेली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

विचार करा, त्या गाण्यांचं श्रेय तर देवीला देऊन झालं होतं. ते कागदावर कुणी उतरवलंच नसतं तर? देवीचं काही बिघडलं नसतं. बहिणाबाई मात्र आपल्याला कळल्याच नसत्या. एक विधवा शेतकरीण, एवढंच राहिलं असतं, आणि तेही दोन पिढ्यांनी पुसलं गेलं असतं.

अशा किती बाया पुसल्या गेल्या असतील. आपल्या आजी-पणजींनी जात्यावर लाखो ओव्या रचल्या. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईवडिलांच्या, भावाच्या, लेकीच्या. रचणारीचं नाव कुठंच नाही. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटवां यांनी गावोगावच्या बायांच्या मदतीनं अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात विठ्ठलाच्या आहेत तशा बाबासाहेबांवरच्याही आहेत. आणि त्यांनी ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ओवी देवाची, पण नाव गाणारीचं.

म्हणून मी म्हणते मैत्रिणींनो, तोंडानं श्रेय देवाला खुशाल द्या. पण कागदावर बाईचं नाव लागलंच पाहिजे. देवाला कागद लागत नाही, आपल्याला लागतो.

बँकेतले साहेब विचारतात, "व्यवसाय कोण करतं?" आपण हसून म्हणतो, "मालक बघतात सगळं." शिलाई आपण करतो, गिऱ्हाईक आपण सांभाळतो, उधारी आपण वसूल करतो, आणि फॉर्मवर मालकाचं नाव लागतं. सर्वेक्षणाला माणूस येतो, विचारतो, "तुम्ही काय काम करता?" सकाळी चार म्हशींचं दूध काढलेली बाई सांगते, "काही नाही, घरीच असते." तो लिहून घेतो, घरकाम. म्हशींच्या धारा काढणारी बाई त्या कागदावर कुठंच राहत नाही. मग गावात पशुपालनाचं प्रशिक्षण येतं तेव्हा यादीत पुरुषांचीच नावं असतात आणि आपण म्हणतो, बायांना कुणी विचारतच नाही.

सरकारनंही आता एक पाऊल टाकलंय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, अशी पद्धत आली. लेकरू देवाची देणगी, असं आपण म्हणतोच. पण नऊ महिने ओझं कुणी वाहिलं, हेही आता कागदावर येतं. दोन्हीत भांडण नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. यश देवाचं म्हटलं, की मग अपयश कुणाचं?

एका वस्तीवर दोघींच्या शेळ्या होत्या. एकीच्या सहा, एकीच्या चार. पावसाळा लागला आणि चार शेळ्यांपैकी तीन दोन दिवसांत मेल्या. सहावालीच्या एकीलाही काही झालं नाही. वस्तीवर बोलणं सुरू झालं. हिच्यावर देवाची कृपा आहे, तिच्यावर कोप झालाय. तिनं जत्रेत बोकड कबूल केला होता, तो दिला नाही म्हणून असं झालं. ती बिचारी आधीच बुडालेली, त्यात हे ऐकून घाबरली. उरलेली एक शेळी विकली, वर दोन हजार रुपये व्याजानं घेतले आणि बोकड कापून वस्तीला जेवण घातलं.

पुढं पशुसखी आली तेव्हा खरी गोष्ट कळली. पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यावी लागते. पाऊस पडला की कोवळं गवत उगवतं, शेळ्या अधाशासारख्या खातात आणि हा रोग झपाट्यानं मारतो. सकाळी धडधाकट दिसणारी शेळी संध्याकाळी मरून पडते. लसीकरणाला माणसं आली त्या दिवशी सहावाली घरी होती. चारवाली मजुरीला दुसऱ्या गावच्या कांदा काढणीला गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. फरक एवढाच होता.

सांगा, यात देवाचा कोप कुठं होता? त्या बाईनं रोजगार बुडवला असता तर चूल पेटली नसती. ती आळशी नव्हती, पापीही नव्हती. तिला फक्त निरोप मिळाला नव्हता. पण "तिच्यावर कृपा, हिच्यावर कोप" असं एकदा म्हटलं, की पुढं कुणी विचारच करत नाही. सहावालीनं वेळेवर लस दिली हे तिचं शहाणपण कुणाला दिसत नाही, म्हणजे ते दुसऱ्यांना शिकताही येत नाही. आणि चारवालीची अडचण कुणाला दिसत नाही, म्हणजे ती सोडवताही येत नाही.

नंतर त्या गटानं चांगलं काम केलं. लसीकरणाची तारीख आधीच विचारून वहीत लिहायची, आणि जी मजुरीला जाईल तिच्या शेळ्या शेजारणीनं घेऊन जायच्या, असा ठराव केला. गटातून कर्ज घेऊन त्या बाईनं पुन्हा दोन शेळ्या घेतल्या. आजही ती जत्रेला जाते, नारळ फोडते. पण आधी लस, मग नारळ.

ज्या बाईचं मूल दगावलं, जिला मूल झालं नाही, जिचा नवरा अपघातात गेला, तिच्यासमोर "आमच्यावर देवाची कृपा" असं म्हणताना जरा थांबायला हवं. तिच्या कानाला ते "तुझ्यावर नाही" असं ऐकू जातं. हळदीकुंकवात विधवेला मागं बसवणारी रीतही याच हिशेबातून आली. सौभाग्य ही कृपा मानली, की ते गेलेली बाई कोपाची ठरते. देवावर खरा विश्वास असेल तर त्याच्या नावानं हा असा हिशेब मांडू नये.

मग श्रेय द्यायचं तरी कसं? आपल्याच गटाच्या वहीतला हिशेब करून बघू.

समजा एका बाईनं गटातून २०,००० रुपये घेतले. दर महिना २,००० मुद्दल, दहा महिने. व्याज शंभराला दोन, तेही उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्याला ४०० रुपये, दुसऱ्याला ३६०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला ४०. एकूण व्याज २,२०० रुपये. हेच पैसे खासगी सावकाराकडून शंभराला पाच रुपयांनी घेतले असते, तर याच पद्धतीनं पहिल्या महिन्याला १,००० आणि एकूण ५,५०० रुपये गेले असते. म्हणजे त्या बाईचे ३,३०० रुपये वाचले.

हे ३,३०० रुपये कुणी दिले? देवानं दिले म्हणा. पण ते आकाशातून पडले नाहीत. दहा बायांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये साठवले. कुणी पावडर-कुंकवाचे ठेवले, कुणी अंडी विकली. सचिवानं डोळे दुखेपर्यंत वही लिहिली. आजारी असूनही एकीनं हप्ता चुकवला नाही, म्हणून दुसरीला वेळेवर कर्ज मिळालं. देवानं दिलं असेल तर या दहाजणींच्या हातांनी दिलं. मग देवाला हात जोडताना या दहाजणींनाही जोडावेत. आणि त्या दहातली एक मी आहे, हे विसरू नये.

म्हणून तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. पैशांचा हिशेब झाला, की पाच मिनिटं थांबा. या महिन्यात जिचं काही चांगलं झालं असेल तिनं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. पहिली, यात माझ्या हाती नसलेलं काय होतं? पाऊस, भाव, तब्येत, ज्याला ती देवाची कृपा म्हणेल ते. दुसरी, मला मदत कुणी केली? नाव घेऊन सांगायचं. सासूनं पोर सांभाळलं असेल तर सासूचं नाव, नवऱ्यानं गाडीवरून माल पोचवला असेल तर त्याचं. तिसरी, मी स्वतः काय केलं? ही तिसरी गोष्ट सांगताना लाजायचं नाही, आणि पहिली दोन गाळायची नाहीत. सचिवानं ती तिसरी गोष्ट बाईच्या नावासकट वहीत लिहायची.

सुरुवातीला जड जाईल. "मी" म्हणताना जीभ अडखळेल. पण सांगायला हवं. मी मसाल्याचं माप बदलून बघितलं, मी तीन दुकानं फिरले, मी लसीची तारीख लिहून ठेवली होती, असं एकीनं सांगितलं की दुसरीला वाट कळते. नुसतं "देवाची कृपा" ऐकून दुसरी घरी जाते आणि कृपेची वाट बघत बसते. आपली म्हण आहेच, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. ही म्हण आळशाला टोमणा म्हणून आहे, भक्ताला शाबासकी म्हणून नाही.

आणि जिचं या महिन्यात नुकसान झालं, तिलाही बोलू द्या. तिला कुणी देव, दृष्ट, पायगुण म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, काय अडलं? आणि आपल्यापैकी कोण काय करू शकते?

देवघरात दिवा लावताना मात्र पूर्वीसारखंच मनापासून हात जोडा. तिथं हिशेब नको. तुमच्या गटात ही तीन प्रश्नांची फेरी कशी झाली, कुणी काय सांगितलं, ते केंद्रावर फोन करून किंवा येऊन आम्हाला कळवा. तुमच्या परवानगीनं, तुमच्याच आवाजात आणि तुमच्या नावानं आपण ते या कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवू.

येते मी. नमस्कार.